शिहत्झू जातीचं कुत्रं घरात येऊन ९ महिने झाले, घेणार असाल तर डोळ्यांचं आधी वाचा

१२ दिवसांपूर्वी आमच्या गुंड्याला ग्रूमिंगवरून, म्हणजे दुकानात केस कापून, आणला आणि रात्रीपर्यंत त्याचा डावा डोळा उघडेना, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. जात कशी दिसते, किती वाढते ते सगळ्यांना माहितीय, ते सोडतो.

ह्यांचे डोळे मोठे, खोबणी उथळ, आणि नाकावरचे केस वर वाढतात ते सरळ डोळ्यात जातात. दुकानवाल्यानं ११०० रुपये घेऊन नेमके तेच केस अर्धवट कापले, त्याचे ताठ खुंट झाले आणि ते बुबुळाला टोचत राहिले. फोन केला तर म्हणे धूळ गेली असेल. लै संताप झाला. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळा उजेड मारला तर बुबुळावर टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका चमकला, म्हणजे कॉर्नियाला, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, जखम. खरं सांगतो, आदल्या रात्री मी आईचे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे उरलेले ड्रॉप टाकणार होतो, पैसे वाचतील म्हणून. बाटली दाखवली तर डॉक्टर म्हणाले ह्यात स्टेरॉइड आहे, जखमेवर टाकलं असतं तर डोळा गेला असता. हातपाय गार पडले माझे.

मग डोळा घासू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन आणि दर ४ तासांनी ड्रॉप, रात्री गजर लावून मी आणि बायको आळीपाळीनं.

उन्हाळ्याचं मात्र माझं मत बदललं. ही तिबेटकडची जात, त्यात चपटं नाक, कुत्रं धापा टाकूनच अंग गार करतं, त्यामुळं सोलापूरच्या ४३ डिग्रीत टिकायचं नाही असं मीच म्हणायचो. पण सकाळी ६ च्या आत फिरवून आणायचं, दुपारी कूलर लावून शहाबादी फरशीवर पोट टेकून झोपू द्यायचं, एवढ्यावर मे निघाला. झीरो कट, म्हणजे केस पार मुळापासून कापणं, करू नका, कातडी भाजते, बोटभर केस ठेवा. आणि शेंगाचटणीची भाकरी अजिबात देऊ नका, त्यातला लसूण कुत्र्याला विषारी असतो.

आता २५० ची गोल टोकाची कात्री आणलीय, दर रविवारी बायको तोंड धरते, मी नाकावरचे केस कापतो. काल परत रंग टाकून बघितलं, ठिपका गेला होता. घरी येऊन कोन काढला तर पठ्ठ्या थेट आईच्या पदरात तोंड घालून तोच डोळा घासायला लागला, पळत जाऊन धरला.