सोलमधलं हानिवॉन: सुया-पुड्या मस्त, काढ्याचं पॅकेज जपून

एन्डोस्कोपी नॉर्मल, तरी दोन घास खाल्ले की पोट गच्च आणि भूक तर मेलेलीच, म्हणून ऑफिसमधल्या कोरियन मैत्रिणीने मागेच लागून हानिवॉनला, म्हणजे इथल्या पारंपरिक वैद्यांच्या दवाखान्यात पाठवलं. थेट सांगते, ॲक्युपंक्चरच्या सुया आणि पावडरला पैकीच्या पैकी, काढ्याच्या विक्रीला भोपळा.

डॉक्टर शांत. दोन्ही मनगटांवर नाडी, मग जीभ, मग पोट दाबून दाबून बघणं, हातपाय गार पडतात का, झोप कशी, शौचाला साफ होते का, इतकं तर सासूबाईंनी लग्नाआधी विचारलं नव्हतं 😄 सुया बेंबीच्या वर, गुडघ्याखाली आणि अंगठा-तर्जनीच्या मधल्या मांसल जागी. टोचताना काही नाही पण हातातली नंतर जड ठणकते, आणि पोटावर गरम लाल दिवा लावून ठेवतात, त्या उबेत मी चक्क घोरले, मध्येच पोटात अशी गुडगुड सुरू झाली की पडद्यापलीकडच्या आजींनाही ऐकू गेली असणार.

पुड्या प्योंगविसान नावाच्या पोटाच्या पावडरच्या. संत्र्याची वाळवलेली साल, मॅग्नोलियाची साल, आलं, ज्येष्ठमध वगैरे, कोमट पाण्यातून घ्यायच्या. गच्चपणा नक्की कमी झाला, भूक हळूहळू येतेय, आता ते औषधाने की त्यांच्या धाकाने वेळेवर जेवायला लागले म्हणून, देव जाणे. बीपी असेल तर आधी सांगा, ज्येष्ठमधाने वाढू शकतं. आणि वजन घटतंय किंवा शौचातून रक्त जातंय तर इथे नको, सरळ हॉस्पिटल गाठा.

पैशाचं म्हणाल तर राष्ट्रीय आरोग्य विम्यात सुया आणि अशा ठरावीक पुड्या बसतात, बिल किरकोळ येतं. पण काउंटरवर महिन्याभराच्या काढ्याचं पॅकेज गळ्यात मारायला बघतात, आकडा लाखांत वॉन! 2024 च्या एप्रिलपासून अपचनाचा काढाही सरकारी पायलट योजनेत आलाय, त्यात विमा बराच भार उचलतो, सगळे दवाखाने त्यात नाहीत, हे हानिवॉन होतं, तरी काउंटरवाल्या ताईंनी मी खोदून विचारेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नाही. याचे दोन स्टार कापले.

एखाद दिवशी जेवण जड झालं तर एवढा खटाटोप नकोच, फार्मसीत ह्वालम्योंगसू या पाचक औषधाची छोटी बाटली मिळते, 1897 पासून चालू आहे, ती घ्या आणि ढेकर द्या. आणि हो, दुपारी जेवणाच्या सुट्टीत हानिवॉनही बंद असतं, ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये धावत जाऊ नका.