सोलापुरी चादर: साडेसहा वर्षं बोटीवर वापरलेली

चादर घेताना आधी काट्यावर टाकायची, ही सवय मला वडिलांनी लावली. ते आयुष्यभर जेकार्ड मागावर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर होते. माझं सोलापुरातल्या पूर्व भागात किराणा दुकान आहे, त्यामुळे काटा हाताशीच असतो. घरात आलेली प्रत्येक चादर मी वजन करून वहीत लिहून ठेवतो. हे सगळं त्या वहीवरून लिहितोय.

२०१८ साली माझा बालमित्र फोर्थ इंजिनिअर म्हणून मालवाहू बोटीवर निघाला. त्याच्यासाठी आमच्याच भागातल्या एका कारखान्याच्या काउंटरवरून ६० बाय ९० इंचांची चादर घेतली. मरून रंग, मोराचं डिझाइन. वजन १ किलो ६२० ग्रॅम. बोटीवर सगळ्यांचे कपडे एकाच लाँड्रीत जातात म्हणून त्याच्या आईनं कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यानं ‘सो’ असं अक्षर घातलं.

२०२५ च्या जानेवारीत त्याचा फोन आला. "बोट न्हावाशेवाला लागतीय बे, एक दिवस हाय. येतो का? आणि येताना एक चादर आण, तसलीच." सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू होती, दुकानात गर्दी होती, तरी गेलो. सहा वर्षांत आमची भेट म्हणजे दोन लग्नं आणि एक दहावा, एवढीच.

चादर त्याच काउंटरवरून घेतली. ९५० रुपये, वजन १ किलो ६४०. बरोबर कडक भाकरीची दोन पाकिटं आणि शेंगा चटणी. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली, कल्याणला उतरलो, लोकलनं ठाणे, तिथून नेरूळ आणि नेरूळहून उरणच्या गाडीनं न्हावाशेवा. ही उरणची लाइन २०२४ च्या जानेवारीत पूर्ण झाली. त्याआधी पनवेलहून बस-रिक्षा करत जावं लागायचं.

बंदरात असंच आत जाता येत नाही. कंपनीच्या एजंटनं आधार आणि फोटो मागवून पास काढून ठेवला होता. गेटवर सीआयएसएफच्या जवानानं बॅग उघडली, चादर पूर्ण उलगडून बघितली आणि परत नीट घडी घालून दिली. आत चालत फिरायला मनाई, एजंटच्या गाडीतूनच जायचं. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारं जाकीट. बोटीच्या शिडीखाली जाळी बांधलेली, वर पोचल्यावर एक खलाशी वही घेऊन उभा. नाव, वेळ, कुणाला भेटायचं ते लिहून सही केली, गळ्यात व्हिजिटरचं कार्ड अडकवलं. मित्र म्हणाला, २००४ पासून आयएसपीएसचे, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले, तेव्हापासून जगातल्या कुठल्याही बंदरात हेच.

तो आता सेकंड इंजिनिअर आहे. जनरेटरचं काम काढलेलं, त्यातून दोन तास मोकळे केलेले. बॉयलर सूटवरच, म्हणजे कामाच्या अंगभर कपड्यातच मिठी मारली. माझ्या शर्टाला लागलेला तेलाचा डाग अजून गेलेला नाही आणि मला तो घालवायचाही नाही.

केबिन बऱ्यापैकी मोठी, पण खिडकीसमोर कंटेनरची भिंत. घारापुरी इथून दिसते म्हणून ऐकलं होतं, त्याच्या खिडकीतून फक्त निळा पत्रा दिसला. आणि बिछान्यावर ती चादर.

मी बोलणं सोडून आधी तीच हातात घेतली. आपली जेकार्डची चादर दुहेरी विणीची असते. एका बाजूला मरूनवर पांढरा मोर, तर उलट्या बाजूला पांढऱ्यावर मरून मोर. दोन्ही मोर शाबूत होते. मरून फिका पडून विटेसारखा झालाय, पण पांढऱ्यात कुठंही उतरलेला नाही. दर रविवारी मशीनमध्ये गरम पाणी, वर ड्रायर, कधी ऊन नाही. खराब झालीय ती एकाच जागी. बोट हलते म्हणून बिछान्याला लाकडी कड असते, त्या कडेवर घासून चार बोटं रुंदीचा आडवा धागा झिजून गेलाय. उभे धागे मात्र तिथंही ताठ आहेत, बोट फिरवलं की सतारीच्या तारांसारखे लागतात. ‘सो’चा एकही टाका सुटलेला नाही.

"कंपनी ब्लँकेट देते की बे, मग हीच कशाला?" मी विचारलं. एसीत हीच बरी वाटते हे पहिलं कारण. दुसरं कारण माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. बोटीवर सगळ्यात मोठी भीती आगीची. इंजिनवाल्यांचे बॉयलर सूट त्यासाठीच सुती असतात, कारण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. रात्री अलार्म झाला की अंगावर जे असेल ते घेऊन पळायचं. "सूत जळलं तर राख होतंय, चिकटत नाय," तो म्हणाला.

इथं माझी तक्रार लिहायलाच हवी. २०२१ मध्ये घरासाठी मी दुसऱ्या एका दुकानातून चादर घेतली होती. चिठ्ठीवर शंभर टक्के कॉटन, किंमत साडेचारशे, हाताला एकदम करकरीत. वजन १ किलो ४८०. दोन धुण्यांनंतर १ किलो २७०. दोनशे दहा ग्रॅमची नुसती खळ होती! काठाचा धागा ओढून काडी लावली तर राख न होता त्याचा कडक मणी झाला. दुकानदारानं बदलून दिली नाही. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावावर असला माल विकतात याचा मला मनापासून राग येतो. या नावात माझ्या वडिलांचे कान गेलेत. मागांच्या आवाजानं त्यांना शेवटी काहीच ऐकू येत नव्हतं.

तेव्हा घेताना वजन करा आणि काठाचा एक धागा जाळून बघा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, उलट काडेपेटी स्वतः देतो.

मेसमध्ये चिकन-भात जेवलो. शेंगा चटणी चीफ कुकनं चाखली आणि डबा त्याच्याकडेच राहिला. चारच्या सुमाराला मित्राला खालून बोलावणं आलं, मी उतरलो.

मे महिन्यात तो साइन-ऑफ होऊन, म्हणजे बोटीवरची पाळी संपवून घरी आला, दोन्ही चादरी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात काट्यावर टाकल्या. नवी, चार महिने दर आठवड्याला धुतलेली: १ किलो ५९०. जुनी: १ किलो ४७०. साडेसहा वर्षांत दीडशे ग्रॅम.

नवीवर अजून ‘सो’ नाही, ते काम त्याच्या आईकडे दिलंय. जुनी तिनं ठेवून घेतली, झिजलेली बाजू पायाकडं करून.