विश्रामबागमधील एक केशकर्तनालय : स्वमग्न मुलाच्या पालकाचा अनुभव

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. मशीनची घरघर, मानेवर पडणारे बारीक केस आणि अनोळखी हाताचा स्पर्श त्याला खरोखरच असह्य होतो. हा हट्ट नव्हे. आवाज, स्पर्श, प्रकाश यांना मिळणारा असा तीव्र किंवा अतिशय मंद प्रतिसाद २०१३ साली स्वमग्नतेच्या निदान-निकषांतही समाविष्ट झाला. तरीही यापूर्वीच्या एका दुकानात त्याचे हात धरून केस कापले गेले, आणि त्यानंतर कात्री दिसली तरी तो कोपऱ्यात जाऊन बसे.

सांगलीतील विश्रामबागच्या या छोट्या दुकानात पहिल्या दिवशी केस कापलेच नाहीत. केस कापणाऱ्या काकांनी बंद मशीन त्याच्या तळहातावर ठेवले, मग ते सुरू करून आधी स्वतःच्या मनगटाला लावून दाखवले. दुसऱ्या भेटीत तो ‘संपलं का, संपलं का’ असे एकाच सुरात म्हणत राहिला, तेव्हा त्याला गप्प न करता ते प्रत्येक वेळी ‘आता उजवी बाजू’ असे आधी सांगत गेले. तेच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे हा अशा अनेक मुलांचा स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो, हे त्यांनी केवळ निरीक्षणातून ओळखले, याचे मला फार अप्रूप वाटते.

बाकासमोरचा टीव्ही मात्र मोठ्याने चालू असतो; सांगितल्यावर लगेच बंद करतात. सोमवारच्या सुट्टीनंतर मंगळवारी दुकान उघडताच गेल्यास गर्दी नसते, आणि खुर्चीही त्याच्या ओळखीचीच मिळते.