मार्कलिन ३०००: आठ महिन्यांचा अनुभव आणि तेलाचा एक जास्तीचा थेंब

गेल्या रविवारी माझे हे खेळण्यातले रेल्वे इंजिन दुसऱ्यांदा बंद पडले आणि या वेळी दोष सर्वस्वी माझा होता, म्हणून हा अनुभव मुद्दाम लिहून काढत आहे.

मार्कलिन या जर्मन कंपनीच्या एचओ मापाच्या (खऱ्या रेल्वेच्या १/८७ आकाराच्या) या छोट्या टँक इंजिनाचे, म्हणजे पाणी आणि कोळसा स्वतःवरच वाहणाऱ्या इंजिनाच्या नमुन्याचे, मूळ गाव जर्मनीतले ग्योपिंगेन. मला ते तिथून तासाभराच्या अंतरावर, स्टुटगार्टच्या जुन्या बाजारात ३५ युरोंना मिळाले. विकणाऱ्या आजोबांच्या तळघरात ते वीसेक वर्षे खोक्यात पडून होते. घरी आणून रुळावर ठेवले तेव्हा दिवा लागला, मोटार गुणगुणली, पण चाके जागची हलेनात. बोटाने फिरवून पाहिली, तर काकवीत बुडवून काढल्यासारखी जड. मोटार शाबूत होती. जुने तेल आटून राळेसारखे झाले होते. एका दुकानाने नुसत्या सफाईचे ६० युरो सांगितले. ३५ युरोंच्या इंजिनावर ६० युरो खर्च करणे माझ्या स्वभावात बसत नाही.

कवच उतरवून मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन्ही ब्रश काढले. त्यांतला एक कार्बनचा आणि दुसरा तांब्याच्या जाळीचा असतो, त्यामुळे कोणता कुठे होता ते आधी कागदावर टिपून ठेवले. दातेरी चाकांवरचा तपकिरी चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने तीनदा पुसावा लागला. ब्रश ज्यावर घासतात त्या कम्युटेटरच्या तीन तुकड्यांमधल्या फटींत साचलेली काळी पूड दात कोरायच्या लाकडी काडीने काढली. तिथे सुई किंवा धातूचे दुसरे काही घालू नये, ओरखडा पडतो.

नंतर तेल. आईने पुण्याहून येताना तिच्या शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणली होती, तीच वापरली. इंजिन असे पळू लागले की पहिल्या महिन्यात मी या स्वस्त उपायाला पाचपैकी पाच गुण दिले असते. आज तीन देईन, आणि कापलेले दोन गुण तेलाचे नसून बाटलीच्या तोंडाचे आहेत. त्यातून पडणारा थेंब शिवणयंत्राला योग्य, पण इतक्या लहान मोटारीला तो पूरच. जास्तीचे तेल आसावरून सरकत कम्युटेटरवर पोचले, कार्बनच्या पुडीत मिसळून त्याचा काळा लगदा झाला आणि त्याने त्याच तीन फटी भरल्या. तांब्याच्या जाळीनेही तेल शोषले होते. ठिणग्या वाढल्या, ओढ कमी झाली. मी मात्र आधी ब्रशला दोष देऊन नवी जोडी विकत घेतली. ते पैसे फुकट गेले.

आता बाटली इंजिनाजवळ नेतच नाही. झाकणात थोडे तेल घेऊन त्यात टाचणीचे टोक बुडवायचे आणि आसांच्या टेकूंना, दातेरी चाकांच्या खिळ्यांना व चाकांच्या जोडदांड्यांना नुसते टेकवायचे. मोटारीच्या आसाला तर त्याहूनही कमी.

दिशा बदलताना इंजिन अजून पुढे उडी मारते. साधारण २४ व्होल्टच्या झटक्याने दिशा बदलणाऱ्या रिलेची (विजेने हलणाऱ्या स्विचची) स्प्रिंग ताठ आहे, हे दिसते. पण ती चिमट्याने ओढण्याचा धीर अजून झालेला नाही. सध्या रात्री इंजिनाखाली पांढरा कागद ठेवतो. रविवारी त्यावर आठ आण्याएवढा डाग होता, काल मोहरीएवढा.