ड्राफ्ट्समनचा कुकर आणि फ्रीहँडची पुस्तकं

ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत ३३ वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून, म्हणजे यंत्रांच्या भागांची मापाबरहुकूम ड्रॉइंग्ज काढण्यात, घालवली. आधी बोर्ड आणि टी-स्क्वेअर, मग मिनी ड्राफ्टर, शेवटी संगणकावर ऑटोकॅड. व्हॉल्व्हचं सेक्शन, म्हणजे मधून कापल्यावर आत काय दिसेल ते, झोपेतही काढून देईन. निवृत्त झाल्यावर एका दुपारी ओट्यावरचा प्रेशर कुकर पट्टी न घेता काढायला बसलो, तर निघालं ते एलिव्हेशन, समोरून दिसणारं सपाट तांत्रिक ड्रॉइंग. मधोमध सेंटर लाइनसुद्धा आली होती. बायको म्हणाली, "मापं टाकायची राहिली की हो."

तेव्हापासून दोन वर्षांत फ्रीहँडच्या, म्हणजे पट्टी-कंपासाशिवाय मोकळ्या हातानं चित्र काढायला शिकवणाऱ्या, पुस्तकांवर बरेच पैसे घातले. त्यातलं काय कामी आलं ते लिहितो. मी चित्रकार नाही, शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड होती, तेव्हा त्या बेतानं वाचा.

सुरुवात बेटी एडवर्ड्स यांच्या 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन'नं करा. पहिली आवृत्ती १९७९ची. नावावर फार जाऊ नका. मेंदूची उजवी बाजू कलावंत आणि डावी कारकून, ही सरळसोट वाटणी आता शास्त्रज्ञ मानत नाहीत; ती पानं मी भराभर उलटली. व्यायाम मात्र अस्सल. पिकासोनं १९२० साली स्त्राविन्स्की या संगीतकाराचं नुसत्या रेघांनी चित्र काढलं होतं. चष्मा लावून खुर्चीत बसलेला माणूस, हात एकमेकांत गुंतवलेले. ते चित्र उलटं ठेवायचं आणि उलटंच उतरवायचं. वरून सुरुवात, एक रेघ, तिला लागून दुसरी. 'हा हात, हे नाक' असं मनातसुद्धा म्हणायचं नाही. जेवणाच्या टेबलावर पाऊण तास बसलो. कागद सरळ केला आणि समोर चक्क माणूस! बोटं वांग्यासारखी, पण बोटंच.

हे का जमतं ते मला आमच्या ड्रॉइंगच्या सरांमुळे लगेच कळलं. स्मरणचित्राच्या पेपरासाठी त्यांनी आम्हाला तीन माणसं घोकून दिली होती. पाठमोरी बाई, छत्रीवाला म्हातारा आणि दप्तरवाला मुलगा. विषय बाजार असो, बसस्टॉप असो की पाणपोई, हेच तिघे तिथे हजर. एडवर्ड्सबाईंचं म्हणणं असं, की आपण सगळेच डोक्यातली घोकलेली चिन्हं कागदावर उतरवत असतो, समोरची वस्तू बघतच नाही. वस्तू उलटी केली की चिन्ह ओळखू येत नाही, मग झक मारत बघावं लागतं.

त्यांचा दुसरा धडा मोकळ्या जागेचा. मी तो कुकरवर केला. हँडल काढायचंच नाही; हँडल, कुकरचं पोट आणि ओटा यांच्यामध्ये जी तिरकी फट दिसते, तिचा आकार काढायचा. फट बरोबर आली की हँडल आपसूक बरोबर येतं. ३३ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चेहऱ्यांसाठी अमेरिकन चित्रकार अँड्र्यू लूमिस. 'फन विथ अ पेन्सिल' हे १९३९चं, आणि भाषा थोडी जुन्या धाटणीची मिश्किल. चेंडू काढा, दोन्ही बाजूंनी त्याच्या चकत्या उडवा, भुवयांची आडवी रेघ आणि मधली उभी रेघ चेंडूवरून फिरवा, जबडा जोडा. आमच्यासारख्याला ही पद्धत घरची वाटते, लेथवर जॉब गोल करून मग मिलिंग मशीनवर त्याच्या बाजू सपाट केल्यासारखी. सवय लागली की सगळे चेहरे अमेरिकन जाहिरातीतले होतात, तेवढं सांभाळा. आणि प्रत बघून घ्या. मी ऑनलाइन स्वस्तात मागवलेली प्रत झेरॉक्सची झेरॉक्स निघाली, शेडिंगच्या जागी नुसते काळे डाग. परत पाठवली, टायटन बुक्स या प्रकाशनाची घेतली. पैसे जास्त गेले, पण रेघ दिसते.

पर्स्पेक्टिव्हसाठी, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान कसं दाखवायचं त्यासाठी, पुण्याचे चित्रकार मिलिंद मुळीक यांचं 'पर्स्पेक्टिव्ह' याच नावाचं पुस्तक पुरे आहे, ज्योत्स्ना प्रकाशनचं. व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, मला नवीन नव्हता, त्यामुळे जास्त बोलत नाही. 'चार पायऱ्यांत घोडा' छापाची पुस्तकं घेऊ नका. तिसऱ्या पायरीपर्यंत दोन लंबवर्तुळं असतात आणि चौथीत अचानक आयाळ उडवणारा घोडा.

हो, आणि कडक शिशाच्या एच पेन्सिली ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. मी २एचनं सुरुवात केली आणि कागदावर चरे पडले. मऊ ४बी घ्या. हात काळे होतात, टॉवेलवरून बोलणी बसतात.

आता किमॉन निकोलाइडिस यांचं 'द नॅचरल वे टू ड्रॉ'. हे न्यू यॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीग या कलाशाळेत शिकवायचे. १९३८मध्ये वारले, पुस्तक १९४१मध्ये आलं. २५ प्रकरणं, प्रत्येकाला १५ तासांचं वेळापत्रक. मास्तर कडक आहेत. पहिला व्यायाम कागदाकडे न बघता काढायचा. नजर वस्तूच्या कडेवर, आणि पेन्सिलचं टोक तिथेच टेकलंय असं समजून मुंगीच्या चालीनं पुढे. माझ्या डाव्या हाताचं चित्र काढलं, तर अंगठा तळव्यापासून तुटून मनगटापाशी गेला. पण पेरांवरच्या सुरकुत्या अशा आल्या की मीच बघत राहिलो.

त्यानंतर जेश्चर. मिनिटभरात, कधी त्याहूनही कमी वेळात, माणूस दिसतो कसा ते सोडून तो करतोय काय तेवढंच काढायचं. यासाठी ठाणे स्टेशनसारखी जागा नाही. पनवेल गाडीच्या फलाटावर बाकडं पकडायचं. सॅक छातीवर घेऊन उभा असलेला माणूस घ्या. वजन पुढे, म्हणून कंबर मागे, मान मोबाइलमध्ये. चार गिरगोट्या होईस्तो गाडी येते आणि मॉडेल आत घुसतं. पहिल्या आठवड्यात माझी सगळी माणसं ओळंबा लावल्यासारखी ताठ उभी होती. आता वाकायला लागलीत.

अडचण पुढच्या प्रकरणांची आहे. तिथे तासभर न हलणारं मॉडेल लागतं, आणि तेही कपड्यांशिवाय. नौपाड्यातल्या टू रूम किचनमध्ये ते कसं जमायचं? मी सध्या सहाव्या प्रकरणात अडकलोय. माझं मॉडेल दुपारची मालिका सुरू असेपर्यंत छान स्थिर बसतं, जाहिराती लागल्या की कुकर लावायला उठतं.