गृहकर्जाच्या पोटात घातलेला विमा : आमचे 1,08,000 रुपये असे गेले

मार्च 2017 मध्ये आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतला. आम्हाला कर्ज हवं होतं 22 लाख. एका हाऊसिंग फायनान्स कंपनीचा एजंट घरी आला. चहा होईपर्यंत त्याने टेबलावर कागदांचा गठ्ठा पसरला. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलने आधीच फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी विचारलं, "हा विम्याचा फॉर्म कशाला?" तो म्हणाला, "काकू, कर्जासोबत विमा कंपल्सरी आहे, त्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. साहेबांची नोकरी गेली तर हप्ते विमा कंपनी भरेल." बिल्डरला चेक द्यायची तारीख चार दिवसांवर होती. आम्ही सह्या केल्या.

त्याने हप्ता सांगितला होता 19,800च्या आसपास. पहिला हप्ता कापला गेला 20,766 रुपये. व्याजदरात काहीतरी फरक पडला असेल असं आम्ही धरून चाललो. तेव्हाच जाऊन विचारायला हवं होतं, हे मला अजून टोचतं.

जून 2020 मध्ये ह्यांची अंबड एमआयडीसीतली नोकरी गेली. लॉकडाऊननंतर कंपनीने माणसं कमी केली, पण काढून टाकलं असं कागदावर येऊ दिलं नाही. एकेकाला केबिनमध्ये बोलावून टाईप केलेल्या राजीनाम्यावर सही घेतली. सही केली नाही तर हिशेब अडकेल, असं तोंडी बजावलं. मला तो विमा आठवला. दिलेल्या नंबरवर फोन लावला तर पलीकडच्या मुलीने सांगितलं, राजीनामा दिला म्हणजे नोकरी स्वतःहून सोडली, क्लेम बसत नाही. लेखी काहीच मिळालं नाही. ऑगस्टपर्यंत मोरॅटोरियमवर, म्हणजे हप्ते पुढे ढकलायच्या सवलतीवर, निभावलं, पुढे माझ्या पाटल्या मोडल्या. ह्यांना कमी पगाराची का होईना, दुसरी नोकरी लागली आणि विम्याचा विषय तिथेच राहिला.

नोव्हेंबर 2023 मध्ये गावच्या जमिनीच्या वाटणीचे पैसे आले म्हणून कर्ज मिटवायचं ठरवलं. कर्ज दिलं त्या कॅनडा कॉर्नरच्या ऑफिसात गेलो तर तिथे मोबाईलचं दुकान. मूळ कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली होती. पासबुकात हप्त्यापुढचं नाव बदललेलं होतं, ते आम्ही कधी नीट वाचलंच नव्हतं. तुमचं असं झालं तर घाबरू नका, माग काढता येतो. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो आणि कर्ज आज कुणाच्या नावावर आहे ते त्यात दिसतं. तारणाची नोंद 'सरसाई' या संस्थेच्या केंद्रीय नोंदवहीतही थोडं शुल्क भरून शोधता येते. नोटीस ऑफ इंटिमेशनची, म्हणजे घर तारण ठेवल्याची निबंधक कार्यालयाला दिलेल्या सूचनेची, प्रत असेल तर जपून ठेवा, मूळ सावकाराचं नाव तिच्यात असतं.

नव्या कंपनीकडून पहिल्या दिवसापासूनचं कर्जखात्याचं स्टेटमेंट मागवलं. पहिल्याच ओळीत कर्जाची रक्कम 23,08,000. बिल्डरला गेले 22 लाख आणि त्याच दिवशी 1,08,000 विमा कंपनीला. म्हणजे विम्याचा हप्ता आमच्या खिशातून गेला नव्हता, तो कर्जात मिळवला होता आणि त्यावर 9 टक्क्यांनी व्याज चालू होतं. महिन्याला 972 रुपये. वीस वर्षं फेडलं असतं तर या 1,08,000चे सव्वादोन लाखांच्या वर झाले असते.

मग विम्याचं प्रमाणपत्र मागवलं, ते सहा वर्षांनी पहिल्यांदा वाचलं. कर्ज वीस वर्षांचं, विमा पाचच वर्षांचा. तो मार्च 2022 मध्येच संपला होता. मृत्यू फक्त अपघाती. नोकरी गेली तर जास्तीत जास्त तीन हप्ते, तेही मालकाने कमी केलं तरच. तीन हप्ते म्हणजे 62,298 रुपये. हे वाचल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आजारपणात ह्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर मी याच कागदाच्या भरवशावर राहिले असते.

तक्रार कुठे करायची यातही आमचे दोन महिने गेले. मी आधी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे अर्ज केला, तो बंद झाला, कारण हाऊसिंग फायनान्स कंपन्या त्या योजनेत बसत नव्हत्या. 2019 पासून त्यांच्यावर नियंत्रण रिझर्व्ह बँकेचं आहे, पण तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या 'ग्रिड्स' पोर्टलवर करावी लागत होती. तुमचं कर्ज बँकेत गेलं असेल तर मात्र रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. म्हणून आधी कर्ज कुणाकडे आहे ते शोधा, मगच अर्ज लिहा. विमा कंपनीविरुद्धची तक्रार वेगळी: आधी कंपनीला लेखी, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आम्हा नाशिककरांसाठी ते कार्यालय पुण्याला नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही. लेखी नकार आल्यापासून एक वर्षाची मुदत असते. फोनवरच्या नकारावर थांबू नका, तो कागदावर मागा.

विमा कंपनीचं लेखी उत्तर फेब्रुवारी 2024 मध्ये आलं: सही तुमची आहे, राजीनामाही तुमचाच आहे. तेव्हा ह्यांनी जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. अकरा जणांनी आपापल्या राजीनाम्याचे फोटो पाठवले. सगळ्यांवर एकच तारीख, तोच मजकूर आणि सगळ्यांत 'वैयक्तिक'च्या जागी 'वयक्तिक'. अकरा माणसं एकाच दिवशी स्वतःहून नोकरी सोडतात आणि एकच चूक करतात, हे कसं, एवढंच आम्ही विमा लोकपालांकडच्या अर्जात विचारलं आणि फोटो जोडले. सुनावणीत कंपनी तडजोडीला तयार झाली. तीन हप्त्यांचे 62,298 रुपये खात्यात आले.

आता नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या गृहकर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च एका जागी दाखवणारा कागद, द्यावंच लागतं आणि विम्यासारखे दुसऱ्यांसाठी घेतलेले पैसेही त्यात दाखवावे लागतात. सही करण्याआधी तो कागद हातात घ्या आणि मंजूर रक्कम तुम्ही मागितलेल्या रकमेशी ताडून पाहा. जास्त असेल तर फरक कशाचा ते तिथल्या तिथे विचारा. अमुकच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती करता येत नाही. एजंट "कंपल्सरी" म्हणाला तर ते ई-मेलवर लिहून मागा. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, आमच्या वेळी 15 होते. विमा हवाच असेल तर साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तर पैसे देणारा) स्वतंत्र घ्या, कर्जाच्या मुदतीइतका. विमा चालू असताना कर्ज आधी मिटवलं तर उरलेल्या मुदतीचे पैसे मिळतात का, तेही विचारा.

त्या 1,08,000वर सात वर्षं घेतलेल्या व्याजाबद्दल कर्ज कंपनीने अजून एक ओळही उत्तर दिलेलं नाही. ग्रिड्सवरची ती तक्रार आम्ही मागे घेतलेली नाही.