नोकरी सोडण्याआधी करावा असा कॉफीचा वर्ग

पुण्यातील एका रोस्टरीत, म्हणजे कॉफीच्या बिया भाजणाऱ्या दुकानात, शनिवार-रविवारी भरणारा बरिस्ता (कॅफेत कॉफी बनवणारा) प्रशिक्षणवर्ग मी नुकताच पूर्ण केला. आयटीतील किंवा बँकेतील स्थिर नोकरी सोडून स्पेशॅल्टी कॉफीच्या, म्हणजे निवडक, उच्च दर्जाच्या कॉफीच्या व्यवसायात उतरू पाहणारे लोक अशा वर्गांकडे वळतात आणि आमच्या तुकडीतही बहुतेक तेच होते. त्यामुळे हा अभिप्राय मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

अभ्यासक्रम स्पेशॅल्टी कॉफी असोसिएशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आराखड्यावर आधारलेला आहे. त्यात बरिस्ता कौशल्य, ब्रूइंग (पुडीतून पाण्यात कॉफी उतरवणे), कच्ची कॉफी, भाजणी आणि चव-गंधाची पारख हे मुख्य विषय असून प्रत्येकाच्या फाउंडेशन, इंटरमीडिएट व प्रोफेशनल अशा पायऱ्या आहेत. त्यांना अनुक्रमे ५, १० आणि २५ गुण मिळतात व १०० गुण जमले की पदविका मिळते. माहितीपत्रक या पदविकेचे फार कौतुक करते, पण नवख्या माणसाने तूर्त तिकडे दुर्लक्ष करावे हे बरे.

वर्गाचा खरा कस दाबाखाली गरम पाणी सोडून दाट कॉफी काढणाऱ्या एस्प्रेसो यंत्रापाशी लागतो. १८ ग्रॅम पूड, त्यातून सुमारे ३६ ग्रॅम पेय आणि त्यासाठी २५ ते ३० सेकंद, हे सूत्र पाठ करायला काहीच लागत नाही. मात्र दळण किंचित जाड झाले की पाणी झरझर निसटून कॉफी आंबट व पातळ उतरते आणि फार बारीक झाले की ती थेंबथेंब गळून कडवट, तुरट होते. भाजणीनंतर किती दिवस गेले, हवेत दमटपणा किती आहे, यावरही हे गणित बदलत असल्याने सकाळी लावलेला ग्राइंडर दुपारी पुन्हा लावावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक कप, अगदी बिघडलेलासुद्धा, चाखूनच टाकायचा, हा आमच्या प्रशिक्षकांचा आग्रह मला संपूर्ण अभ्यासक्रमात सर्वांत मोलाचा वाटला.

कपिंगचे, म्हणजे कॉफीची चव-गंध पारखण्याचे, सत्रही तितकेच उत्तम होते. १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम भरड, पाणी ९३ अंशांच्या आसपास, चार मिनिटांनी वर जमलेला थर चमच्याने फोडून गंध घ्यायचा आणि कॉफी जरा निवली की जोरात फुरका मारायचा. (बशीत चहा ओतून पिणाऱ्या घरांतून आलेल्यांना हा फुरका वेगळा शिकवावा लागला नाही.) चिकमगळूरची धुतलेली (फळाचा गर पाण्याने काढून वाळवलेली) अरेबिका जातीची कॉफी आणि पावसाळी वाऱ्यावर फुगवून आंबटपणा घालवलेली मॉन्सून्ड मलबार शेजारी शेजारी ठेवल्यावर प्रक्रियेने चव किती पालटते, हे दुधासाखरेच्या कॉफीवर वाढलेल्या जिभेलाही कळते.

उणिवाही आहेत. दुधावर नक्षी काढण्यात नको इतका वेळ जातो. भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण सत्तर टक्के वाटा रोबस्टा या दुसऱ्या जातीचा असूनही तिची बोळवण दोन वाक्यांत होते, हे मला खटकले. सर्वांत मोठी त्रुटी मात्र व्यवसायाच्या बाबतीत जाणवली: जागेचे भाडे, अन्नपरवाना, काही लाखांचे यंत्र, पाण्यातील क्षार, तासन्‌तास उभे राहून करायचे काम आणि नवख्या बरिस्ताला मिळणारा पगार यांवर शेवटी घाईघाईने एक व्याख्यान उरकले गेले. नोकरी सोडावी की नाही याचा निर्णय ज्या आकड्यांवर ठरतो, ते आकडे त्यात नव्हतेच.

ज्यांचा ओढा भाजणीकडे किंवा गुणवत्ता-परीक्षणाकडे आहे, त्यांनी बंगळुरूच्या कॉफी बोर्डाचे अभ्यासक्रमही पाहावेत. भाजणी व ब्रूइंगवरचा ‘कापी शास्त्र’ हा लहान वर्ग आणि कॉफी गुणवत्ता व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका हे दोन्ही बोर्ड स्वतः चालवते. पदविकेसाठी मात्र वर्षभराची सवड काढावी लागते.

कॅफेच्या काउंटरमागे उभे राहायचे असेल, तर फाउंडेशन पायरी नोकरी सांभाळून जरूर करावी. इंटरमीडिएटचे शुल्क भरण्यापूर्वी मात्र सुट्टीच्या दिवशी एखाद्या गजबजलेल्या कॅफेत काम करून पाहावे. वर्ग कोणताही निवडा, नाव नोंदवण्याआधी एका यंत्रामागे किती विद्यार्थी असतील हे विचारून घ्या. दोनपेक्षा जास्त असतील, तर निम्म्याहून अधिक वेळ दुसऱ्याचे हात पाहण्यात जातो.